गाडी किती चालली आहे?

दसरा ते पाडवा या तीन आठवड्यांत पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर झेंडूचे हार घातलेल्या गाड्या जागोजागी दिसतात. त्या सगळ्याच शोरूममधून नुकत्या बाहेर पडलेल्या नसतात. बोनस हातात पडला, पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं, की भोसरी-चिखलीतली आणि मोशी-रावेतमधली कितीतरी कुटुंबं आपली पहिली चारचाकी जुन्या बाजारातूनच घेतात. विचारपूस ठरलेली असते. मॉडेल कुठल्या सालचं, पासिंग कुठलं, ओनर कितवा आणि रनिंग किती? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आरटीओच्या दफ्तरात सापडतात. चौथ्याचं उत्तर फक्त डॅशबोर्डवर दिसतं. बाजारभाव मात्र सर्वांत जास्त हलतो तो याच चौथ्या उत्तरावर.

म्हणून या लेखाचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मीटरवरचा आकडा हा विकणाऱ्याचा दावा आहे, पुरावा नाही. पुरावा कागदात असतो, आणि तो कागद बहुतेक गाड्यांच्या बाबतीत मागितला तर मिळतो.

मोजमापावर जगणारा पट्टा

हा प्रश्न इथे विशेष बोचतो, कारण हा सगळा पट्टाच मोजमापावर उभा आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. पुण्यात १९६६ मध्ये वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय स्थापन झाली आणि भोसरीत १९६७ मध्ये केंद्रीय रस्ते परिवहन संस्था. १९९८च्या डिसेंबरात पिंपरीच्या कारखान्यातली इंडिका बाजारात आली. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, २०१० मध्ये महिंद्रा अशी रांग चाकणला लागली. या मोठ्या नावांच्या आजूबाजूला भोसरी, तळवडे, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे इथली शेकडो छोटी वर्कशॉप. तिथला पोरगा आयटीआयमध्ये पहिल्याच महिन्यात व्हर्नियर धरायला शिकतो. दोन-चार मायक्रॉनच्या फरकावर अख्खा लॉट परत येतो.

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीला सतरा अक्षरांचा चासी क्रमांक असतो. त्यातली पहिली तीन अक्षरं उत्पादक सांगतात: एमएटी म्हणजे टाटा, एमए१ म्हणजे महिंद्रा, एमडी२ म्हणजे बजाज. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२२वा नियम चासी आणि इंजिन क्रमांकाबरोबर निर्मितीचा काळही गाडीवर उमटवायला सांगतो. गेटबाहेर पडेपर्यंत गाडीच्या प्रत्येक गोष्टीची नोंद असते. त्यानंतर मालकाच्या हातात ती किती धावली याची नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणावरच नाही. आरसीवर किलोमीटरचा रकाना नाही. मालकी बदलताना भरायच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवरही नाही.

एके काळी या रकान्याची गरजही भासली नसती. परवाना राजात चेतकसाठी वर्षानुवर्षे थांबावं लागे, आणि वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या किमतीपेक्षा महाग जाई. मिळाली हेच नशीब समजणारा माणूस मीटर कशाला बघेल? बाजारात गाड्या मुबलक झाल्या, निवडीला वाव आला आणि 'कमी चाललेली' या दोन शब्दांना पैसे मोजले जाऊ लागले. ज्याला पैसे मिळतात त्याची बनावटही होते.

कामगाराची गाडी आणि कंपनीची गाडी

आकडा खरा की खोटा हे ठरवण्याआधी तो या भागात किती असायला हवा, याचा अंदाज बांधता आला पाहिजे. निगडीत राहणारा आणि म्हाळुंग्यात कामाला जाणारा माणूस रोज जाऊन-येऊन साधारण चाळीस किलोमीटर गाडी चालवतो. वर्षाचे कामाचे २८० दिवस धरले तर ११,२०० किलोमीटर झाले. इथला कामगार लातूर, नांदेड, बीड, बुलढाणा अशा ठिकाणचा. दिवाळी, लग्नसराई, शेतीची कामं, आई-वडिलांची तब्येत यासाठी वर्षातून चार वेळा लातूरला जाऊन आला तरी आणखी अडीच-तीन हजारांची भर पडते. म्हणजे वर्षाला चौदा हजार, पाच वर्षांत सत्तर हजार. अशा माणसाची पाच वर्षांची गाडी मीटरवर अठ्ठावीस हजार दाखवत असेल, तर त्याचं कारण विचारायला हवं.

कारण खरंही असू शकतं. चाकणच्या मोठ्या कारखान्यांचे कामगार कंपनीच्या बसने जातात. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि रविवारी देहू-आळंदीला निघते. अशा गाडीचं रीडिंग खरोखरच कमी असतं. त्यामुळे कमी आकडा दिसला की लबाडी, असा निष्कर्ष काढणं मालकावर अन्याय होईल. खऱ्या मालकाला आपल्या गाडीचे कागद दाखवायला अडचण नसते, एवढाच फरक.

दुसऱ्या टोकाला कंपन्यांच्या करारावर धावणाऱ्या गाड्या आहेत. तीन शिफ्टच्या पट्ट्यात पिक-अप आणि ड्रॉप दिवसरात्र चालू असतात. परदेशी पाहुण्याला मुंबई विमानतळावरून आणायचं म्हटलं, तर चाकणहून एका बाजूचं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास जातं. आठवड्याला अशा चार फेऱ्या, वर्षाचे पन्नास आठवडे. नुसत्या विमानतळाचेच साठ हजार किलोमीटर होतात. तीन वर्षांत अशी गाडी पावणेदोन लाखांच्या पुढे जाते. करार संपला की ती विकायला निघते. टी परमिटमधून प्रायव्हेटमध्ये नोंद बदलून घेतली की पिवळ्या पाटीच्या जागी पांढरी पाटी येते. हा बदल कायदेशीर आहे, त्यात वावगं काही नाही. बनवाबनवी सुरू होते ती पाटीबरोबर मीटरही बदललं की. शिवाय पांढऱ्या पाटीवरच भाड्याने धावलेल्या गाड्या आहेत, त्यांचा मागमूस आरटीओतही नाही.

याच पट्ट्यात तिसरीही एक जात आहे: अधिकाऱ्यांना कंपनीने लीजवर दिलेल्या गाड्या. तीन-चार वर्षं वापरून त्या बाहेर पडतात. त्यांचं रीडिंग जास्त असतं, पण प्रत्येक सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत केंद्रात झालेली असते. नव्वद हजार चाललेली अशी गाडी 'चाळीस हजार' म्हणून दाखवलेल्या निनावी गाडीपेक्षा पुष्कळदा बरी.

मीटर मागे कसं जातं

जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून, चेतकसारख्या स्कूटरमध्ये पुढच्या चाकापासून, एक तार मीटरपर्यंत जायची. ती फिरली की आकड्यांची चक्रं फिरायची. तार काढून ठेवली की गाडी धावायची आणि मीटर थांबायचं. कसबी हात मीटर उघडून चक्रंही फिरवायचे. पण अशा कामात आकडे ओळीत नीट बसत नसत, स्क्रूच्या खाचा घासलेल्या दिसत आणि पारखी मेस्त्री ते चटकन ओळखत असे.

डिजिटल मीटर आलं तेव्हा वाटलं, हा प्रश्न संपला. झालं उलटं. आता आकडा मीटरच्या सर्किटवरच्या एका छोट्या स्मृती-चिपमध्ये साठवलेला असतो, आणि तो बदलणारी यंत्रं 'करेक्शन' या सभ्य नावाखाली विकली जातात. काम काही मिनिटांचं आणि खूण राहत नाही. मीटर जळालं, नवं बसवलं तर त्यात खरं रीडिंग भरावं लागतं, हे या यंत्राचं रास्त काम. बाकी काय होतं ते बाजाराला ठाऊक आहे.

तरी सुटकेची एक फट आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये अंतराची नोंद फक्त मीटरमध्ये नसते. इंजिनचं नियंत्रण करणारा संगणक आणि इतर काही घटकही आपापली नोंद ठेवतात. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खाचेत स्कॅनर लावला की त्यांतल्या काही नोंदी वाचता येतात. त्यातली एक नोंद फार कामाची: बिघाडाचे कोड शेवटचे पुसल्यापासून गाडीने कापलेलं अंतर. हा आकडा ६५,५३५ किलोमीटरपर्यंत मोजला जातो. मीटर अडतीस हजार दाखवत असेल आणि स्कॅनर म्हणत असेल की कोड पुसल्यापासूनच गाडी बावन्न हजार चालली, तर पुढे वाद घालायचं कारण उरत नाही. स्कॅनरवर हे अंतर शून्य किंवा पाच-दहा किलोमीटर दिसलं, तर कोड अगदी परवाच पुसलेत एवढं नक्की. सर्व्हिसमध्येही ते पुसले जातात, म्हणून एवढ्यावरून आरोप करता येत नाही. पण मग सर्व्हिसचं परवाचं बिल मागता येतं.

मीटर मागे गेल्याने नुकसान फक्त पैशांचं होत नाही. टायमिंग बेल्ट, क्लच, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल यांचं वेळापत्रक किलोमीटरवर ठरतं. बेल्ट बदलायची वेळ उलटून गेली असताना मीटर 'अजून बराच अवकाश आहे' असं सांगत असेल, तर बेल्ट एक दिवस एक्स्प्रेसवेवर तुटतो. अनेक इंजिनांमध्ये त्यासरशी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. आणि फेरफार उघड झाला तर उरलेली वॉरंटीही हातची जाते. कंपन्यांच्या वॉरंटी पुस्तिकांत तसं कलम असतंच.

कागद कुठे कुठे असतो

पहिला कागद सर्व्हिसचा. अधिकृत केंद्रात गाडी गेली की जॉब कार्ड बनतं आणि त्यावर तारखेसोबत रीडिंग लिहिलं जातं. बहुतेक कंपन्यांच्या संगणकात ही नोंद गाडीच्या क्रमांकावर किंवा चासी क्रमांकावर सापडते. ती मागण्याचा हक्क मालकाचा. म्हणून विकणाऱ्यालाच सोबत घेऊन सर्व्हिस केंद्रात जावं किंवा त्याच्या मोबाइलमधल्या कंपनीच्या अ‍ॅपवर ती उघडून दाखवायला सांगावं. फुकटच्या सर्व्हिस संपल्या की अनेक जण बाहेरच्या गॅरेजकडे वळतात, त्यात गैर काही नाही. पण बाहेरच्या मेस्त्रीचीही बिलं असतात, निदान ऑइल बदलल्याचं बॉनेटखालचं स्टिकर असतं.

दुसरा कागद विम्याचा. अपघाताचा दावा केला असेल तर सर्व्हेअरच्या अहवालात आणि फोटोंत रीडिंग येतं. पॉलिसी खंडित होऊन पुन्हा सुरू केली असेल तर त्या वेळच्या तपासणीतही मीटरचा फोटो घेतात. तिसरा कागद टायर आणि बॅटरीच्या वॉरंटी कार्डाचा. टायरच्या कार्डावर बसवतानाचे किलोमीटर लिहिण्याची पद्धत आहे.

चौथा कागद फास्टॅगचा, आणि तो फारसा कोणी मागत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. तेव्हापासून गाडी कोणत्या तारखेला कोणत्या नाक्यावरून गेली, हे मालकाच्या बँक खात्यात किंवा वॉलेटमध्ये उतरलेलं असतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटरचा. उर्से आणि खालापूरच्या नाक्यांवर वर्षात दोनशे वेळा पैसे कापले गेले असतील आणि मालक म्हणत असेल की गाडी गावातल्या गावातच फिरली, तर त्याला हिशेब समजावून देता येतो.

पाचवा कागद आरटीओचा. सरकारच्या वाहन पोर्टलवर आणि एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक घातला की नोंदणीची तारीख, मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे दिसतं. किलोमीटर दिसत नाहीत. आरटीओकडून फी भरून तपशिलाचा उताराही घेता येतो. गाडी आधी टॅक्सी होती का, हे विचारायची जागा ती.

आता हे सगळं एका कागदावर तारखेच्या क्रमाने लिहून काढा. समजा, ऑक्टोबर २०१९ मध्ये ९,८००, नोव्हेंबर २०२० मध्ये २१,३००, डिसेंबर २०२१ मध्ये ३८,९००, जानेवारी २०२३ मध्ये ५७,४००. त्यानंतर नोंदच नाही आणि आज मीटरवर ४९,०००. तारीख पुढे गेली की आकडाही पुढेच गेला पाहिजे, एवढा एकच नियम. नोंदी तुटल्या असतील तर नेमक्या कधी तुटल्या, ते पाहा. साठ-सत्तर हजारांच्या अलीकडे सर्व्हिस केंद्रात जाणं अचानक थांबलं असेल, तर पुढचे प्रश्न तिथूनच सुरू करायचे.

गाडी स्वतःही थोडंफार सांगते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पंचवीस हजार चाललेल्या गाडीला चारही टायर नवे का, हा प्रश्न रास्त आहे. ब्रेक डिस्कच्या कडेला चढलेला कंगोरा, ड्रायव्हरच्या सीटचा बसलेला काठ, क्लच पेडलचं गुळगुळीत रबर हे सगळं पाहावं. पण सीट कव्हर, स्टिअरिंग कव्हर, पेडलचं रबर या हजार-दोन हजारांत बदलणाऱ्या वस्तू आहेत. त्यावर निकाल देऊ नये. 'डॉक्टरांची गाडी', 'लेडीज ड्रिव्हन', 'फक्त रविवारी निघायची' या वाक्यांवर तर अजिबात नको.

कायदा कोणाच्या बाजूने

आपल्याकडे मीटर मागे करण्याविरुद्ध वेगळा, नेमका कायदा नाही. फसवणूक म्हणून तो गुन्हा होतो. १ जुलै २०२४ पासून त्याला भारतीय न्याय संहितेचं ३१८वं कलम आहे. दुकानदाराकडून गाडी घेतली असेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि आता स्वतः राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. पण शेजाऱ्याने किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याने आपली एकुलती गाडी विकली, तर तो व्यापारी ठरत नाही. तिथे ग्राहक आयोग नाही. पोलिस किंवा दिवाणी न्यायालय.

आणखी एक बारकावा खरेदीदाराने ध्यानात ठेवावा. १८७२च्या करार कायद्याचं १९वं कलम चुकीची माहिती देऊन झालेला करार रद्द करण्याची मुभा देतं. पण त्याच कलमाला अपवाद जोडलेला आहे: चुकीच्या माहितीमुळे किंवा लबाडीच्या मौनामुळे फसलेल्या माणसाला साध्या दक्षतेने सत्य कळू शकलं असतं, तर तो करार रद्द करता येत नाही. समोरच्या केंद्रात सर्व्हिसची नोंद होती आणि आपण ती पाहिलीच नाही, हे न्यायालयात आपल्याच अंगाशी येऊ शकतं.

गोव्यातलं एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०११ मध्ये त्याच सालची नवी म्हणून विकलेली टाटाची गाडी प्रत्यक्षात २००९ची निघाली. मीटरवर ६२२ किलोमीटर होते आणि खालचा भाग गंजलेला होता. ग्राहकाने विक्रेत्यासोबत कंपनीलाही जबाबदार धरलं. राज्य आयोगाने आणि राष्ट्रीय आयोगाने ते मान्य केलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची जबाबदारी काढून टाकली. विक्रेत्याने काय केलं हे कंपनीला ठाऊक होतं असं सिद्ध झालं नव्हतं, आणि दोघांचा व्यवहार स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता. विक्रेता मात्र सुटला नाही. यातून जुन्या गाडीवाल्याने घ्यायचा धडा असा, की ज्याने सांगितलं तोच बांधला जातो. म्हणून त्याने जे सांगितलं ते त्याच्याच सहीने कागदावर यायला हवं.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. विक्रेत्याने आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं. गाडी त्याच्याकडे आली की तो मानीव मालक ठरतो. त्याच्या ताब्यातली गाडी कुठे, कशासाठी आणि किती चालली, याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची. जुन्या गाडीच्या व्यवहारात किलोमीटर हा विषय नियमात आला तो इथे. पण ही नोंद गाडी दुकानात असतानाच्या काळापुरती. त्याआधीच्या वर्षांबद्दल ती गप्प आहे.

विकणाऱ्यालाही या व्यवहारात धडा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५०व्या कलमाप्रमाणे मालकी बदलाची सूचना त्याने चौदा दिवसांत द्यायची असते. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. एजंटच्या हातात कोऱ्या सह्यांचे फॉर्म देऊन मोकळं होणाऱ्याने तेवढं आठवावं.

एक रकाना

इतर देशांनी यावर उपाय शोधले आहेत. अमेरिकेत १९७२ पासून कायदा आहे आणि विकताना रीडिंग लेखी द्यावं लागतं. तरीही तिथल्या रस्ते सुरक्षा विभागाच्या अंदाजाप्रमाणे दर वर्षी साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या रीडिंगवर विकल्या जातात. जर्मनीत २००५ पासून मीटर फिरवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. बेल्जियमची पद्धत सर्वांत साधी. तिथे २००६ पासून 'कार-पास' आहे. गाडी ज्या-ज्या गॅरेजमध्ये जाते, त्याने त्या दिवसाचे किलोमीटर मध्यवर्ती नोंदीत पाठवायचे. विकताना त्या सगळ्या नोंदींचा एक कागद खरेदीदाराला द्यायचा. तो दिला नाही तर खरेदीदार व्यवहार मोडायची मागणी करू शकतो.

आपल्याकडे यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. वाहन पोर्टल आहे. पीयूसीसाठी गाडी दर वर्षी कोणाच्या तरी समोर उभी राहते. २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर 'विक्रीच्या दिवशीचे किलोमीटर' हा एक रकाना घातला, पीयूसी आणि फिटनेसच्या वेळचा आकडा गाडीच्या नोंदीला जोडला आणि तो खरेदीदाराला उघडून दाखवला, तर मीटर मागे करण्याचा धंदा परवडणार नाही. देशातल्या गाड्या जिथे बनतात आणि तपासल्या जातात, त्या पिंपरी-चिंचवडच्या, एमएच-१४ च्या पट्ट्याने ही मागणी परिवहन खात्याकडे लावून धरायला हवी.

तोवर खरेदीदाराने एवढं करावं. सर्व्हिसची नोंद, विम्याचा कागद आणि फास्टॅगचा उतारा हे तीन कागद हातात आल्याशिवाय टोकन देऊ नये. ओळखीच्या मेस्त्रीला शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन स्कॅनर लावून घ्यावा. करारनाम्यात त्या दिवशीचं रीडिंग अक्षरी लिहावं आणि खाली 'मीटरमध्ये फेरफार केलेला नाही' या वाक्यावर विकणाऱ्याची सही घ्यावी. सही द्यायला तो कां-कूं करत असेल, तर गाडी सोडून द्यावी. आणि कागद मिळालेच नाहीत, पण गाडी मनात भरली असेल, तर तिचा भाव वय आणि अवस्था पाहून ठरवावा. मीटरवरच्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.